नष्ट ग्रंथ आणि उरलेला प्रसंग: ॲरिस्टॉटलचे हास्यप्रकरण व म्हाइंभटांच्या लीळा

ॲरिस्टॉटलचा ‘काव्यशास्त्र’ हा ग्रंथ आज ज्या रूपात वाचायला मिळतो, त्यात शोकात्मिकेची व्याख्या आहे, तिच्या सहा घटकांचे विवेचन आहे, शेवटी महाकाव्याशी तुलना करून तिला वरचढ ठरवलेले आहे, आणि तेथेच ग्रंथ थांबतो. सहाव्या प्रकरणाच्या आरंभी सुखात्मिकेविषयी पुढे बोलू, असे ग्रंथकार सांगतो. ते बोलणे उपलब्ध पानांत कोठेही येत नाही. ‘वक्तृत्वशास्त्र’ या भाषणकलेवरील ग्रंथात हास्यास्पद गोष्टींचा विचार काव्यविषयक ग्रंथात केल्याचा उल्लेख दोन ठिकाणी सापडतो. ‘राज्यशास्त्रा’त विरेचनाचा, म्हणजे उफाळलेल्या भावनांचा निचरा होऊन मन हलके होण्याच्या कल्पनेचा, अधिक खुलासा काव्यविषयक विवेचनात करू, असे आश्वासन आहे, आणि तेही उपलब्ध भागात पुरे झालेले दिसत नाही. डायोजिनिस लेर्टिअस याने दिलेल्या ॲरिस्टॉटलच्या ग्रंथयादीत ‘काव्यशास्त्रा’चे दोन भाग नोंदलेले आहेत. मेरबेकेच्या विल्यमने १२७८ साली केलेल्या लॅटिन भाषांतराच्या अखेरीस पहिला भाग संपल्याची नोंद आहे. ज्याला पहिला म्हटले, त्याला दुसरा असला पाहिजे, हा तर्क सरळ आहे. विंदा करंदीकरांनी १९५७ साली मराठीत आणलेले ‘काव्यशास्त्र’ही अर्थातच या अर्ध्या ग्रंथाचेच भाषांतर आहे.

दुसरा भाग केव्हा व कसा नाहीसा झाला, याचा निश्चित पुरावा नाही, आणि त्यासाठी एखादा खलपुरुष शोधण्याचीही गरज नाही. जुन्या जगात ग्रंथ टिकायचा तो पुन्हा पुन्हा नकलला गेला तरच, आणि ज्याची नक्कल करण्याची कोणाला निकड वाटली नाही, तो कागदाच्या किंवा चर्मपत्राच्या आयुष्यासह संपला. दहाव्या शतकात अबू बिश्र मत्ता याने सिरियाक भाषेतून अरबीत आणला तोही पहिलाच भाग. त्यावर बाराव्या शतकात भाष्य लिहिणाऱ्या इब्न रुश्दच्या समाजात नाटक हा प्रकारच रुजलेला नव्हता, म्हणून त्याने शोकात्मिकेला स्तुतिकाव्य आणि सुखात्मिकेला निंदाकाव्य समजून घेतले. त्याच्या या समजुतीवर पुढे बरेच हसे झाले आहे, ते फारसे न्याय्य नाही. रंगभूमीच पाहिली नसताना एवढ्या काटेकोरपणे चुकणे हे विद्वत्तेचेच लक्षण मानावे लागेल.

या हरवलेल्या भागाच्या पुनर्रचनेचा, म्हणजे उरलेल्या खुणांवरून मूळ ग्रंथाचा आराखडा पुन्हा उभा करण्याचा, सारा डोलारा प्रामुख्याने एका छोट्या टिपणावर उभा आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील क्वाल्लँ संग्रहात दहाव्या शतकातील एक हस्तलिखित आहे आणि त्यात थोड्याच पानांचे हे ग्रीक टिपण आहे, जे. ए. क्रेमर यांनी ते १८३९ साली छापले. टिपणाचे स्वरूप परीक्षेआधी उतरवून घेतलेल्या सारांशासारखे आहे: वाक्ये तुटक, विभागांचे उपविभाग, उपविभागांच्या याद्या. सुखात्मिकेची जी व्याख्या त्यात येते ती शोकात्मिकेच्या प्रसिद्ध व्याख्येच्या साच्यात बसवलेली असून, शोकात्मिका करुणा आणि भय यांच्या द्वारे विरेचन करते तसे सुखात्मिका आनंद आणि हास्य यांच्या द्वारे करते, असा तिचा आशय आहे. पुढे हास्याला सुखात्मिकेची आई म्हटले आहे. मग हास्याची दोन उगमस्थाने येतात. पहिले शब्दाश्रित: एका शब्दाचे दोन अर्थ, दोन शब्दांचा एक अर्थ, उगाच वाढवलेली बडबड, शब्दाची मोडतोड, लाडिक लघुरूपे. दुसरे वस्त्वाश्रित, म्हणजे घडणाऱ्या गोष्टींतून येणारे: फसवणूक, थोराला क्षुद्रासारखे किंवा क्षुद्राला थोरासारखे दाखवणे, अशक्य घटना, अनपेक्षित घटना, ओंगळ नाच, आणि उत्तम वस्तू हाताशी असताना माणसाने नेमकी टाकाऊ वस्तू उचलणे. पात्रांचे प्रकार तीन: विदूषकी चाळे करणारा, स्वतःला कमी लेखून दुसऱ्याची फिरकी घेणारा आणि पोकळ बढाईखोर.

याकोब बेर्नायस यांनी १८५३ मध्ये या टिपणाची कसून छाननी केली, तेव्हा हास्याच्या वर्गीकरणात ॲरिस्टॉटलचे अस्सल धन असावे, परंतु व्याख्या मात्र कोणा हलक्या हाताच्या नकलाकाराने शोकात्मिकेवरून बेतलेली दिसते, असा निवाडा त्यांनी दिला. १९२२ साली लेन कूपर यांनी टिपणाचा आधार घेऊन ॲरिस्टॉटलीय पद्धतीचा सुखात्मिकाविचार स्वतःच रचून दाखवला. १९८४ मध्ये रिचर्ड जँको यांनी हे टिपण, ॲरिस्टोफेनिसच्या नाटकांच्या हस्तलिखितांना जोडलेल्या जुन्या प्रस्तावना आणि इतरत्र विखुरलेले उल्लेख एकत्र मांडून, हे टिपण दुसऱ्या भागाचाच संक्षेप आहे, असे ठामपणे प्रतिपादन केले. त्यांच्या बाजूने बरेच बोलता येते. वर्गीकरणाची जातकुळी ॲरिस्टॉटलची आहे, आणि बढाईखोर व स्वतःला कमी लेखणारा ही जोडी तर त्याच्या नीतिशास्त्रात सत्यवचनी माणसाच्या दोन बाजूंना उभी असलेली दिसतेच. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे की गुरूची परिभाषा आत्मसात केलेला कोणताही नंतरचा शिष्य अशी यादी करू शकला असता. हा वाद मिटण्यासारखा नाही, कारण दोन्ही पक्ष त्याच त्या मूठभर ओळी वेगवेगळ्या उजेडात धरतात.

या वादापेक्षा महत्त्वाची गोष्ट टिपणात जे नाही त्यात आहे. त्यात उदाहरणे जवळजवळ नाहीत. पहिल्या भागाचा वाचक ईडिपसच्या चौकशीत अडकतो, अमुक कवीने अमुक प्रवेशात काय साधले आणि काय बिघडवले हे त्याला कळते, आणि सिद्धान्त त्या प्रवेशांच्या संगतीत पचतो. टिपणाच्या वाचकाला ‘अनपेक्षित’ एवढाच शब्द मिळतो. कोणत्या नाटकात, कोणाच्या तोंडून, कशानंतर काय आले म्हणून अथेन्सचे प्रेक्षागृह हसले, हे त्याला कळत नाही. शोकाच्या बाबतीत अशी हानी काही प्रमाणात भरून निघते, कारण मुलाने बापाला न ओळखता मारले, एवढे म्हटले तरी त्या वाक्याचे ओझे जाणवते. हास्य मात्र प्रसंगाला इतके चिकटलेले असते की प्रसंग काढून घेतल्यावर हाती राहते ती केवळ वर्गवारी. जँको यांनी उभा केलेला आराखडा अचूक आहे असे गृहीत धरले, तरी ॲरिस्टॉटलला प्रत्यक्षात कशाचे हसू येत होते, हे त्या आराखड्यातून समजत नाही. आणि हास्याविषयीच्या तत्त्वज्ञानाला तर नेमक्या याच माहितीची गरज असते.

याच्या उलट घडलेले एक उदाहरण विदर्भात आहे. तेथे हरवलेला ग्रंथ प्रसंगांचाच होता आणि तो प्रसंग म्हणूनच परत उभा करण्यात आला. योगायोग असा की परंपरेने लीळाचरित्राच्या रचनेचा काळ शके १२०० च्या आसपास, म्हणजे मेरबेकेचा विल्यम लॅटिन भाषांतर पुरे करीत होता त्याच सुमाराचा धरला जातो. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर, म्हणजे ते उत्तरेकडे निघून गेल्यानंतर, त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याभोवती अनुयायी एकत्र आले, आणि आज अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात असलेल्या रिद्धपुरात चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सन्निधानी राहू लागले. यांपैकी म्हाइंभट हे मुळात शास्त्रार्थ करणारे पंडित होते. त्यांनी चक्रधरांच्या सहवासातील माणसांना गाठून, नागदेवाचार्यांकडून खातरजमा करून, स्वामींच्या आठवणी एकेक करून लिहून घेतल्या. अशा प्रत्येक आठवणीला लीळा म्हणतात: ईश्वरावताराने केलेली किंवा बोललेली एखादी गोष्ट, तिचे स्थळ आणि तेव्हा हजर असलेली माणसे यांच्यासह. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा विभागांत मांडलेला हा संग्रह मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ ठरला.

१२९६ पासून देवगिरीवर खिलजी फौजांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या आणि पुढच्या दोन दशकांत यादवांचे राज्य बुडाले. त्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. ज्यांनी ती ऐकली होती, वाचली होती, ज्यांना ती तोंडपाठ होती, त्यांनी ती पुन्हा सांगून लिहवली. एकपाठी, म्हणजे एकदा ऐकलेले न विसरणारी, म्हणून ख्याती असलेल्या हिराइसेचे नाव यात अग्रभागी येते. परशरामबासांसारख्या आचार्यांच्या नावानेही पाठ प्रसिद्ध आहेत. ही पुनर्रचना ग्रीक पुनर्रचनेहून मुळातच निराळी आहे. जँको यांना सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा ग्रंथ कागदावरून कागदावर आणायचा होता, तर येथे ग्रंथ हरवला तेव्हा त्याचे श्रोते जिवंत होते. त्यांच्या आठवणी जेथे जुळल्या नाहीत, तेथे एकच पाठ खरा ठरवून बाकीचे टाकून देण्याचा मोह या मंडळींनी बराचसा टाळला. एखादी लीळा सांगून झाल्यावर, अमक्याच्या म्हणण्याप्रमाणे ती अशी घडली, असे वेगळे कथन त्याच पोथीत नोंदवलेले आढळते. अशा पाठभेदाला पंथात वासना म्हणतात. आधुनिक पाठचिकित्सक, म्हणजे निरनिराळ्या हस्तलिखितांची तुलना करून मूळ पाठ ठरवणारा अभ्यासक, तळटिपेत जे करतो ते या लोकांनी मजकुरातच करून ठेवले.

पुढे केसोबासांनी या लीळांतून चक्रधरांची सिद्धान्तपर वचने वेगळी काढून सूत्रपाठ तयार केला, आणि स्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टान्त निवडून दृष्टान्तपाठ रचला. सूत्रपाठाचे आणि लीळाचरित्राचे नाते पॅरिसमधल्या टिपणाचे हरवलेल्या ग्रंथाशी जसे असावे तसेच आहे: प्रसंगाचे कातडे सोलून सिद्धान्ताचा सांगाडा बाहेर काढलेला. नुसता सूत्रपाठ उरला असता आणि लीळा कायमच्या गेल्या असत्या, तर महानुभाव तत्त्वज्ञानाची अवस्था ॲरिस्टॉटलच्या हास्यविचारासारखीच झाली असती. पंथाला हे उमगलेले होते, याचा पुरावा ‘प्रकरणवश’ या ग्रंथात मिळतो. कोणते सूत्र कोणत्या वेळी, कोणाला उद्देशून, कशामुळे उच्चारले गेले, हे सांगणे एवढेच त्याचे काम. सूत्र प्रकरणावेगळे वाचले तर अर्थ घसरतो, ही जाण त्याच्या मुळाशी आहे. ॲरिस्टॉटलच्या टिपणाला असा ‘प्रकरणवश’ लाभला नाही.

दृष्टान्तपाठाने मधला मार्ग काढला. त्यात आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दृष्टान्ताचे सिद्धान्ताशी नाते सांगणारे दार्ष्टान्तिक, अशी तिपेडी रचना असते, आणि मधल्या पदरात प्रसंग शाबूत राहतो. जन्मांधांनी हत्ती चाचपण्याचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे. पाय हाती लागला त्याला हत्ती खांबासारखा, सोंड हाती लागली त्याला मुसळासारखा, कान धरला त्याला सुपासारखा, शेपूट धरले त्याला खराट्यासारखा वाटतो. येथे हसू येते ते आंधळेपणाचे नाही, कारण त्याचे दुःख दृष्टान्तात कोठेच पुढे येत नाही. ते येते प्रत्येकाच्या खात्रीचे, आणि ती खात्री खांब, मुसळ, सूप, खराटा अशा घरच्या वस्तूंवर टेकलेली असल्यामुळे. पॅरिसच्या टिपणातील वर्गीकरण लावायचे तर थोराला क्षुद्रासारखे दाखवणे, या खान्यात हा दृष्टान्त बसेल. खाना बरोबर आहे, पण त्यातून सूप आणि खराटा दिसत नाहीत, आणि दृष्टान्ताची सारी करामत सूप आणि खराटा यांतच आहे.

लीळाचरित्र सामान्य वाचकाच्या हाती येण्यास विसावे शतक उजाडावे लागले, कारण पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपल्या होत्या. वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी ते दार किलकिले झाल्यावर पुढचे बरेचसे काम नागपुरात झाले. हरि नारायण नेने यांनी १९३६-३७ च्या सुमारास लीळाचरित्राचे भाग येथूनच प्रसिद्ध केले, शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती १९६० च्या दशकात नागपूर-पुण्याच्या सुविचार प्रकाशन मंडळाने काढली. आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले वि. भि. कोलते यांनी १९४४ मध्ये गोविंदप्रभूंचे चरित्र, १९४५ मध्ये ‘महानुभाव तत्त्वज्ञान’ आणि १९७८ मध्ये लीळाचरित्राची संपादित आवृत्ती दिली. कोलत्यांच्या कामाची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी आधी चरित्र हाती घेतले, मग तत्त्वज्ञान लिहिले, म्हणजे प्रसंगाकडून सिद्धान्ताकडे गेले. ॲरिस्टॉटलच्या हास्यविचाराच्या अभ्यासकांना सांगाड्याकडून देहाकडे जावे लागते, आणि देह तर कोठेच नाही.

हास्याच्या प्रश्नासाठी या साऱ्या वाङ्मयातला सर्वांत मोलाचा ग्रंथ म्हणजे म्हाइंभटांनीच संकलित केलेले गोविंदप्रभूंचे चरित्र, ज्याला ऋद्धिपुरलीळा असेही म्हणतात. गोविंदप्रभू हे महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी, म्हणजे परमेश्वराच्या पाच अवतारांपैकी एक. या अवताराचे वर्तन मात्र अवताराला शोभेसे काहीच नाही. ते कोणाच्याही घरात शिरतात, हाती लागेल ते खातात, पोरांबरोबर खेळतात, एकाएकी हसतात, एकाएकी रागावतात, आपल्याशीच बोलतात, महार-मांगांच्या वस्तीत जातात, देवळातल्या मूर्तींशी शेजाऱ्याशी बोलावे तसे बोलतात. गावातले काही लोक त्यांना वेडे, पिसे म्हणतात. तेच गाव त्यांना मायबापही म्हणते. संकलकाने या दोन्ही हाका सारख्याच निर्विकारपणे नोंदवल्या आहेत. लीळा लहान, वाक्ये आखूड, स्पष्टीकरण नाही. एखाद्या कृतीवर भक्ताने हसावे की हात जोडावे, हे म्हाइंभट सांगत नाहीत.

ॲरिस्टॉटलच्या पहिल्या भागातही हास्याविषयी एक महत्त्वाचे विधान उरले आहे. हास्यास्पद म्हणजे कुरूपतेचा असा प्रकार, असा दोष की ज्यात वेदना नाही आणि विनाश नाही. नाटकातला हसरा मुखवटा वेडावाकडा असतो, पण त्यात दुखण्याची खूण नसते. या विधानात हसणारा वर आणि ज्याला हसायचे तो खाली, अशी उतरंड गृहीत आहे, कारण सुखात्मिका हलक्या माणसांचे चित्रण करते, असे तेथे आधीच म्हटलेले आहे. भारतीय परंपरेत अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’ या नाट्यशास्त्रावरील टीकेत हीच गोष्ट अधिक खोलवर नेली. अभिनवगुप्ताचा विचार मराठी वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्यांत नागपूर विद्यापीठाचे ग. त्र्यं. देशपांडे अग्रभागी होते. त्यांचे ‘भारतीय साहित्यशास्त्र’ १९५८ चे. अभिनवगुप्ताच्या मते हास्याचे मूळ अनौचित्यात, म्हणजे जेथे जे शोभत नाही तेथे ते घडण्यात आहे, आणि त्यामुळे कोणताही रस अनुचित ठिकाणी वाहू लागला की त्याचे हास्य होते. रावणाचे सीतेवरील प्रेम शृंगाराचा आभास म्हणून अखेरीस हास्याकडे कलते. ज्याच्याशी नातेगोते नाही त्याच्यासाठी कोणी छाती बडवू लागला तर करुणाचेही हास्य होते. शान्ताचा, म्हणजे मोक्षोन्मुख वृत्तीचा आभासही हास्यच ठरतो, आणि प्रहसनांतील ढोंगी संन्याशांना याच सूत्राने जागा मिळते.

ॲरिस्टॉटलच्या दोषकल्पनेपेक्षा ही मांडणी जास्त व्यापक आहे, असे निःसंकोच म्हणता येते. दोष एका व्यक्तीत असतो. अनौचित्य हे व्यक्ती आणि तिची जागा यांच्यामधले नाते असते, म्हणून त्यात थोर माणूसही सापडू शकतो. परंतु रिद्धपूरचा अवतार या कल्पनेलाही अडचणीत टाकतो. गोविंदप्रभूंच्या वर्तनात अनौचित्य आहे हे उघड आहे, म्हणूनच गाव हसते. मात्र महानुभाव सिद्धान्तानुसार उचित काय ते ठरवणारा परमेश्वर स्वतःच तेथे उभा आहे, आणि मग अनौचित्य कोणाकडे आहे, हा प्रश्न उलटून हसणाऱ्याकडे येतो. मूर्तींशी बरोबरीने बोलण्याचेच घ्यावे. महानुभाव तत्त्वज्ञान जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि परस्परांहून वेगळे मानते. देवता परमेश्वराहून खालच्या, त्यांची फळे नाशवंत, आणि त्यांची भक्ती मोक्ष देत नाही. हे ध्यानात घेतले की परमेश्वराने देवळात जाऊन देवतेशी सलगीने वागणे हा वेडाचार राहत नाही. वरिष्ठाने कनिष्ठाशी करावे तसे ते वागणे ठरते. जे दृश्य सिद्धान्त न जाणणाऱ्याला केवळ गमतीचे, तेच जाणणाऱ्याला त्या सिद्धान्ताचे साक्षात प्रमाण आहे, आणि तरीही जाणणाऱ्याची गंमत कमी होत नाही. ॲरिस्टॉटलच्या किंवा टिपणकाराच्या याद्यांत अशा हास्याला खाना नाही, कारण तेथे हसण्याचा विषय आणि पूजेचा विषय एकच असू शकेल, अशी कल्पना केलेली नाही. ग्रीक सुखात्मिकेत देवांची टिंगल भरपूर आहे. ‘बेडूक’ नाटकातला डायोनिसस तर भित्रा आणि फजीत पावणारा आहे, आणि हे नाटक त्याच देवाच्या उत्सवात सादर झाले. परंतु त्या टिंगलीचा उपयोग डायोनिससविषयीचा सिद्धान्त मांडण्यासाठी कोणी केल्याचे दिसत नाही.

उंबेर्तो एको यांच्या १९८० सालच्या कादंबरीत ॲरिस्टॉटलचा हाच हरवलेला भाग एका ख्रिस्ती मठात दडवलेला आहे, आणि तो बाहेर पडू नये म्हणून एक अंध वृद्ध साधू माणसांचे बळी जाऊ देतो. त्याची भीती अशी की हास्याला तत्त्वज्ञाची मान्यता मिळाली तर माणसे भय विसरतील, आणि भय गेले की ईश्वरही जाईल. ही भीती कादंबरीपुरती खोटी नाही. जेथे ईश्वराचे मोठेपण अंतरावर टेकलेले असते, तेथे हास्य ते अंतर पुसून टाकते. महानुभावांच्या बाबतीत कोडे वेगळे आहे. हा पंथ आचाराला कमालीचा कडक आहे: भिक्षान्न, अहिंसा, एकान्त, नित्य भ्रमण, वैराग्य. या कडकपणाच्या शेजारी एक हसरा, लहरी, खाणारापिणारा अवतार निवांत बसलेला आहे, आणि चौदाव्या शतकापासून आजवर त्याच्या शेजारी असण्याने संन्यासधर्म ढासळला नाही. याचे एक कारण असे दिसते की महानुभाव विचारात अवताराचे वर्तन हे अनुकरणासाठी सांगितलेले नाही. भक्ताने ते आठवायचे, त्याचे स्मरण करायचे, पण करायचे ते स्वामींनी सांगितलेला आचार. आठवणे आणि अनुकरण करणे यांत असा भेद केला की हास्याला धर्मात जागा मिळते आणि धर्म सैलही होत नाही. एकोंच्या साधूला हा भेद सुचला नाही, आणि कादंबरीच्या रहस्याच्या दृष्टीने ते बरेच झाले.

पुनर्रचनेच्या विश्वासार्हतेचा प्रश्न येथे वेगळ्या वाटेने परत येतो. पाठचिकित्सेत अवघड पाठ सोप्या पाठापेक्षा मुळाला जवळचा मानण्याकडे कल असतो, कारण नकलकार अवघड ते सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही. श्रद्धेच्या ग्रंथात हाच नियम ओशाळवाण्या मजकुराला लावता येतो: देवाने दुकानातले काहीबाही उचलून खाल्ले, हे भक्त मुद्दाम कशाला रचील? या युक्तिवादाने गोविंदप्रभूंच्या चरित्रातला हास्याचा अंश हाच त्याच्या अस्सलपणाचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. पण हा युक्तिवाद वाटतो तितका निर्दोष नाही. भारतीय परंपरेत वेड्याचे सोंग घेणाऱ्या साधूंची फार जुनी वाट आहे. पाशुपतांनी लोकांकडून अवहेलना ओढवून घेणे ही साधनाच मानली, आणि अवधूताची कल्पनाही त्याच कुळातली. ज्या समाजाला देवत्वाचे वेड अपेक्षित असते, तेथे वेडाच्या कथा रचल्याही जाऊ शकतात. तेव्हा निर्णय सरसकट करता येत नाही, लीळेलीळेगणिक करावा लागतो. जेथे वेडगळ कृतीचा शेवट चमत्काराने होतो आणि सगळे हात जोडतात, तेथे शंकेला जागा आहे. जेथे कृती घडते, कोणी तरी काही तरी बोलते आणि लीळा तशीच संपते, तेथे रचनाकाराला काही मिळवायचे होते, असे दिसत नाही. दुसऱ्या प्रकारच्या लीळांत सहसा एखादे निरुपयोगी नाव, एखाद्या वाड्याची किंवा वाटेची खूण असते, आणि ती कोणत्याही सिद्धान्ताला लागत नाही.

‘काव्यशास्त्रा’च्या पाचव्या प्रकरणात, म्हणजे सुदैवाने वाचलेल्या भागात, ॲरिस्टॉटलने एक गोष्ट जाता जाता सांगून ठेवली आहे. शोकात्मिकेत कोणते बदल कोणी घडवले ते माहीत आहे, पण सुखात्मिकेचा आरंभ अज्ञात राहिला, कारण सुरुवातीला तिला कोणी गंभीरपणे घेतले नाही. मुखवटे कोणी आणले, प्रस्तावना कोणी आणली, नटांची संख्या कोणी ठरवली, यांची नोंद झाली नाही. हास्याचा इतिहास हरवतो तो जपण्याजोगा वाटला नाही म्हणून, याची त्याला कल्पना होती, आणि त्यावर त्याने लिहिलेला भागही त्याच वाटेने गेला असावा. रिद्धपुरात एका पंडिताने, शास्त्रार्थाची सवय असलेल्या माणसाने, गावाने वेड्यात काढलेल्या पुरुषाचे खाणे, हसणे, रुसणे, कोणाच्या ओसरीवर बसणे, साक्षीदार हयात असतानाच विचारून लिहून काढले. त्या कृतींचा अर्थ लावण्याचे काम त्यांनी नंतरच्यांवर सोडले, आणि ‘लक्षणबंद’, ‘आचारबंद’, ‘विचारबंद’ यांसारख्या पंथीय ग्रंथांनी जे विवरण केले, ते सूत्रांचे केले. गोविंदप्रभूंच्या हसण्यावर स्वतंत्र शास्त्र कोणी लिहिले नाही. हास्याचे महानुभाव तत्त्वज्ञान कोणाला उभारायचे असेल तर त्याला कोणत्याही हरवलेल्या ग्रंथाचा शोध घ्यावा लागणार नाही. त्यासाठी लागणारे सगळे प्रसंग वासनांसकट छापलेले उपलब्ध आहेत.